क्रोशाचं पाच पाकळ्यांचं रंगीत फूल कसं विणावं? माझं फूल वाटीसारखं वळतं.

फूल वळतं ते बहुतेक वेळा टाके कमी पडल्यामुळे किंवा दोरा फार ओढल्यामुळे. सुरुवातीला मध्यम जाडीची, गुळगुळीत, फिक्या रंगाची लोकर आणि ४ मिमीची क्रोशाची सुई घ्या. केसाळ किंवा काळ्या लोकरीत टाके दिसतच नाहीत.

मधला भाग पिवळा करा: ४ साखळ्या घालून गोल जोडा, १ साखळी उंचीसाठी, मग गोलात १० मुके खांब (आखूड टाके, सिंगल क्रोशे) घालून पहिल्या मुक्या खांबात स्लिप स्टिचने (दोरा टाक्यातून आणि सुईवरच्या फासातून सरळ ओढून) जोडा. इथे मोजाच. जोडाचा टाका चुकून मुका खांब म्हणून धरला जातो आणि शेवटच्या पाकळीला जागा उरत नाही.

पाकळ्यांचा रंग जोडाच्या त्या स्लिप स्टिचमध्येच आणा, म्हणजे नवा दोरा सुईवरून ओढून घ्या. आता २ साखळ्या, पुढच्या टाक्यात ३ खांब (उंच टाके, डबल क्रोशे), पुन्हा २ साखळ्या, त्यापुढच्या टाक्यात स्लिप स्टिच. ही झाली एक पाकळी. असं पाच वेळा. काम उलटवू नका, सुलट बाजू कायम आपल्याकडे.

पाकळीच्या कडा आत वळल्या तर त्या २ साखळ्या घट्ट झाल्यात. त्या सैल घाला किंवा ३ करा. मधला भागच खोलगट असेल तर सुई ४.५ मिमीची घेऊन बघा.

दोऱ्याची टोकं १५ सेंमी ठेवा. शिवणाच्या जाड सुईने एका दिशेला ओवून परत उलट दिशेला ओवा, नाहीतर धुतल्यावर सुटतात.