गौरींच्या साड्यांना येणारा कुबट वास : धुवायचं कधी, हवेवर टाकायचं कधी

ताई, तुम्ही तीन गोष्टी एकदम विचारल्या आहेत. ठाण्यात पहिल्या मजल्यावर घर, लाकडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं आणि दरवर्षी गौरींसाठी साड्या काढल्या की कुबट वास, मग सगळ्या धुवाव्या लागतील का? एकदाच अंगाला लागलेला कपडा ठेवण्याआधी धुवावा का? आणि आजीच्या शालूचे काठ काळे पडत चाललेत, त्याचं काय? मी चिपळूणची. दमट हवेत कपडे सांभाळण्यातच माझा संसार गेला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्या साड्या मुळीच धुवू नका. बंद कपाटातल्या कपड्यांचे वास दोन प्रकारचे असतात. एक कपाटाचा आणि दुसरा अंगाचा. कपाटाचा वास हवेने जातो, अंगाचा फक्त पाण्याने. उघडीप मिळेल त्या दिवशी दुपारी साड्या घडी मोडून सावलीत दांडीवर टाका, नाहीतर खोलीत पंख्याखाली पसरा. संध्याकाळपर्यंत वास उडाला तर तो कपाटातल्या कोंडलेल्या हवेचा होता. इस्त्री फिरवा आणि खुशाल नेसा. राहिलाच तर तो कापडात मुरलेला आहे, तिथे धुण्याला पर्याय नाही.

वास घेण्याचीही एक रीत आहे. कपाट आवरताना नाक त्या वासाला सरावतं आणि काही कळेनासं होतं. म्हणून आधी दहा मिनिटं गॅलरीत जाऊन या. मग पूर्ण साडी हुंगत बसू नका. ब्लाउजची काख, परकराची नाडीपट्टी, साडीचा कमरेला खोचलेला भाग आणि हात पुसला जातो तो पदराचा कोपरा, एवढ्याच जागा पाहा. शंका असेल तर सुती ब्लाउजच्या काखेवर कोमट इस्त्री क्षणभर टेकवा. उबेने मुरलेला घाम लगेच वास देतो.

पांढरी भुकटीसारखी बुरशी दिसली तर ती घरात झटकू नका आणि ओल्या फडक्यानेही पुसू नका. कपडा बाहेर नेऊन कोरड्या मऊ ब्रशने झाडा. त्यानंतर सुती असेल तर गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा, रेशीम असेल तर ड्रायक्लीनला द्या. काळे ठिपके पडले असतील तर बुरशी धाग्यात शिरलेली असते, ते डाग बहुतेक वेळा पूर्ण जात नाहीत. ते काढायला रेशमावर किंवा लोकरीवर ब्लीच मात्र कधीही वापरू नका, धागाच विरघळतो.

आता हे होतं का, ते सांगते, कारण उपाय तिथेच आहे. हाताला कोरडं लागणारं कापडही कोरडं नसतं. हवेची आर्द्रता 65 टक्के असताना सुती कापडात त्याच्या वजनाच्या साधारण 8 टक्के पाणी असतं, रेशमात 11 आणि लोकरीत 16. पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नसतं. आपल्याकडे आषाढ-श्रावणात आर्द्रता 80-85 च्या वर जाते आणि बुरशीला 70 च्या आसपासही पुरते. म्हणजे जुलैत वाळवून, घडी घालून ठेवलेला कपडा आपल्याबरोबर पाणी घेऊनच कपाटात जातो आणि दार लावलं की ते पाणी तिथेच कोंडतं.

म्हणून ठेवणीतले कपडे मृग लागायच्या आत बंद झाले पाहिजेत. वैशाखात कपाट पूर्ण रिकामं करा, दारं दिवसभर उघडी ठेवून लाकूड तापू द्या. सुती कपडे, गोधड्या, चादरी उन्हात वाळवा. रेशीम मात्र सावलीतच, उन्हाने रंग विटतो आणि धागा कमजोर होतो. दोरीवरून काढलेला कपडा गालाला लावून पाहा. गार लागला तर ओल आहे. इस्त्रीनंतर गरम गरम घडी घालू नका, वाफ आत अडकते. पण रात्रभर बाहेरही ठेवू नका, सकाळपर्यंत तो हवेतली ओल पिऊन घेतो.

एकदा बंद केलं की, गौरींच्या साड्या काढायची वेळ सोडली तर, पावसाळ्यात ते कपाट उघडू नका. भर पावसात ‘जरा हवा लागू दे’ म्हणून दार उघडं ठेवतात, त्याने बाहेरची ओल आत येते. रोजचे कपडे वेगळ्या कपाटात ठेवा. तुमचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला आहे, म्हणजे पावसाची झड थेट त्याच भिंतीवर. ते आतल्या भिंतीला हलवा. जागाच नसेल तर निदान चार बोटं पुढे ओढा, मागून हवा खेळू द्या. या सगळ्या मजकुरातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

ओल शोषणाऱ्या वस्तूंपैकी बाजारात मिळणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे खरंच काम करतात, पण त्यात पाणी साठतं, म्हणून ते सर्वांत खालच्या फळीवर, कपड्यांपासून दूर ठेवा. खडू, कोळसा यांचा उपयोग थोडाच. सुवासिक साबणाच्या वड्यांनी वास झाकला जातो, ओल तशीच राहते.

किडीचं वेगळं. कसर खळीवर आणि सांडलेल्या अन्नाच्या डागांवर येते, म्हणून ठेवणीच्या सुती साडीला खळ नको. ती नेसायच्या आधी द्यावी. लोकर-रेशीम खाते ती लहानशा पतंगाची अळी आणि तिलाही मळका, घामट भागच आवडतो. वेखंड, लवंग, कडुनिंबाचा वाळलेला पाला मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवला तर कीड जरा दूर राहते, आत असलेली मरत नाही. पाला कुरकुरीत वाळलेला हवा. स्वेटरमध्ये अळीची शंका आली तर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा.

डांबराच्या गोळ्या कापडाला चिकटून ठेवू नका. त्यांची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली उतरते, म्हणून वरच्या फळीवर कापडात बांधून ठेवा. कापूर आणि डांबरगोळी एकत्र नको, दोन्ही मिळून पाझरतात आणि डाग पडतो. तान्ह्या बाळाच्या दुपट्या-कुंच्यांत तर या गोळ्या अजिबात नकोत. जी6पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) कमतरता काही बाळांना जन्मतः असते, त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी या वाफेने फुटू शकतात. बाळंतविड्याचे जुने कपडे पेटीतून काढलेत तर धुवून, उन्हात टाकून, गोळ्यांचा वास पूर्ण गेल्यावरच बाळाला घाला.

एकदाच वापरलेल्या कपड्याचं उत्तर त्या कपड्याचं पुढे काय होणार, यावर आहे. दोन दिवसांनी परत घालणार असाल तर हवेवर टाकणं पुरे. लोकरीची शाल, जाड जीन्स, तासभर हॉलमध्ये नेसलेली साडी यांना दर वेळी पाणी लावलं तर कापडच झिजतं. पण महिनोन्महिने ठेवायचा असेल तर अंगाला थेट लागलेला प्रत्येक कपडा धुऊनच ठेवावा. आज न दिसणारा घाम, तेल, सरबताचा थेंब हळूहळू पिवळा पडतो आणि वर्षाने निघत नाही. लग्नात नेसलेल्या पैठणीचा ब्लाउज नक्की धुवायला द्या. पैठणी स्वतः डागविरहित असेल तर दिवसभर सावलीत पसरून ठेवली तरी चालते. ड्रायक्लीनहून आलेल्या कपड्याचं प्लॅस्टिक त्याच दिवशी काढा आणि कपडा एक दिवस मोकळ्या हवेत टांगा.

राहिला शालू. खऱ्या जरीची तार चांदीची असते, वर सोन्याचा पातळ मुलामा. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते. त्यामुळे साडीच्या घडीला रबरबँड लावू नका (त्यात गंधक असतं), वर्तमानपत्रात गुंडाळू नका, काठावर अत्तर फवारू नका. धुतलेल्या, बिनखळीच्या पांढऱ्या मलमलमध्ये गुंडाळा. वर्षातून निदान दोनदा घडी बदला, एकाच घडीवर रेशीम चिरतं. पावसाळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास अशी बदलली की मधले दमट महिने टळतात. लोखंडी हँगरवर टांगू नका, गंजाचा डाग रेशमातून निघत नाही. आणि काळे पडलेले काठ खायच्या सोड्याने किंवा चांदीच्या पॉलिशने घासू नका, मुलामा निघून जातो आणि तो परत येत नाही. जुन्या जरीचं काम करणाऱ्या कारागिराला आधी दाखवा. तो ‘राहू द्या’ म्हणाला तर तसाच नेसा. वापराने मऊ झालेला, काळसर काठाचा शालू गौरीपुढे फार शोभतो.