वसाहतोत्तर की उत्तर-वसाहतवादी? ‘उत्तर’ नेमकं कुठे बसवायचं

प्रश्न विचारणाऱ्या बाई कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतात. इंग्रजीच्या वर्गात आफ्रिकी कादंबऱ्या कशा वापरता येतील, यावर त्यांचं संशोधन चाललंय. प्रबंध इंग्रजीत आहे, पण त्यावर एक मराठी लेख लिहायला घेतला आणि पहिल्याच ओळीत गाडी अडली. परक्यांची राजवट सोसलेल्या मुलखांतल्या साहित्याला इंग्रजीत ‘पोस्टकलोनियल’ म्हणतात. त्यासाठी त्यांनी ‘वसाहतोत्तर’ लिहिलं. मार्गदर्शकांनी ते खोडून ‘उत्तर-वसाहतवादी’ केलं. संपादकांनी दोन्हींवर काट मारून समासात नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. बाईंनी विचारलंय: बरोबर काय? शिवाय ‘सेकंड लँग्वेज’ला मराठीत काय म्हणायचं आणि केनियाचे कादंबरीकार ‘न्गुगी’ यांचं नाव कसं लिहायचं, असे दोन उपप्रश्न आहेत.

माझं मत आधीच सांगतो, मी ‘वसाहतोत्तर’च्या बाजूचा. पण ज्या कारणासाठी लोक तो शब्द सहसा निवडतात, त्या कारणासाठी नाही.

‘उत्तर’ हा शब्द आपण उपसर्गासारखा वापरायला लागलो ते इंग्रजीतल्या ‘पोस्ट’मुळे. ‘पोस्टमॉडर्न’चं ‘उत्तर-आधुनिक’ झालं आणि त्याच साच्यातून पुढचे शब्द पडत गेले. संस्कृतच्या बावीस उपसर्गांत मात्र ‘उत्तर’ नाही. ते ‘उद्’चं तरवाचक रूप, म्हणजे अधिक वरचं, पुढचं, नंतरचं. आणि मराठीत हा शब्द समासात आधी येतो की मागून, यावर अर्थ पालटतो. हे कुणी शिकवत नाही, पण आपल्या कानाला पक्कं ठाऊक असतं.

आधी आला, तर त्याच वस्तूचा नंतरचा भाग. उत्तरार्ध हा अर्धाच असतो, दुसरा. उत्तरायुष्य हे आयुष्यच. उत्तररात्र म्हणजे रात्र संपल्यानंतरची वेळ नव्हे, ती रात्रच असते, आणि चांगली काळोखी. इतिहासाच्या पुस्तकातली उत्तरपेशवाई म्हणजे १८१८ नंतरचा इंग्रजी अंमल नाही, पेशवाईचाच उतरता काळ. आता याच चालीवर ‘उत्तर-वसाहतवादी’ वाचून पाहा. अर्थ निघतो ‘नंतरच्या काळातला वसाहतवादी’. म्हणजे नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे हे आफ्रिकेत इंग्रजी साम्राज्य पसरवणाऱ्या सेसिल ऱ्होड्सचे वारसदार ठरले! मार्गदर्शकांच्या मनात हे नक्कीच नव्हतं, पण शब्द तेच बोलतो. त्यातून ‘वादी’ हे शेपूट माणसाला किंवा विचाराला लागतं. समाजवादी म्हणजे समाजवाद मानणारा, तसा वसाहतवादी म्हणजे वसाहतवाद मानणारा. जे साहित्य वसाहतवादाशी भांडतं त्याच्या गळ्यात ही पाटी कशाला?

‘उत्तर’ मागून आलं, तर त्या गोष्टीच्या नंतरचं: मरणोत्तर, युद्धोत्तर, पदव्युत्तर, स्वातंत्र्योत्तर. इथे सगळे म्हणतात, झालं तर मग, वसाहत संपल्यानंतरचं ते वसाहतोत्तर. इथेच थोडं थांबायला हवं.

अचेबेंची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ १९५८ मध्ये आली. नायजेरिया स्वतंत्र झाला १ ऑक्टोबर १९६० रोजी. ‘पोस्टकलोनियल’ म्हटलं की अभ्यासक्रमात सगळ्यात आधी जी कादंबरी लागते, ती इंग्रजांचं राज्य चालू असताना छापली गेली. तिची कथा घडते ती तर त्याहून मागे, मिशनरी आणि जिल्हाधिकारी नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या मुलखात पहिल्यांदा शिरत होते तेव्हा. तीच गत १९६२ च्या जूनमध्ये युगांडात कंपाला इथल्या मकेरेरे महाविद्यालयात भरलेल्या लेखक परिषदेची. अचेबे तिथे होते, नाटककार वोले सोयिंका होते, आणि तेव्हा जेम्स न्गुगी या नावानं लिहिणारा मकेरेरेचाच एक विद्यार्थीही होता. आफ्रिकी साहित्य कोणत्या भाषेत लिहायचं, या भांडणाची वंशावळ आज लोक या परिषदेपासून सुरू करतात. पण युगांडा स्वतंत्र झाला त्या वर्षीच्या ९ ऑक्टोबरला, केनिया तर थेट डिसेंबर १९६३ मध्ये. ‘संपल्यानंतरचं’ हा अर्थ धरला तर ही कादंबरी आणि ही परिषद, दोन्ही शब्दाबाहेर राहतात.

इंग्रजीतल्या अभ्यासकांनाही हा पेच पडला होता. बिल अ‍ॅशक्रॉफ्ट, गॅरेथ ग्रिफिथ्स आणि हेलन टिफिन या तिघांचं ‘दि एम्पायर राइट्स बॅक’ १९८९ मध्ये आलं. त्यात त्यांनी स्पष्टच केलं की वसाहत बसली त्या क्षणापासून आजपर्यंत त्या सत्तेचा परिणाम झालेली सगळी संस्कृती आम्ही या शब्दात धरतो. पुढे काहींनी ‘पोस्ट’ आणि ‘कलोनियल’मधल्या जोडरेघेवर भार टाकला: रेघ असेल तर काळ, नसेल तर वृत्ती. एवढीशी रेघ बिचारी, तिनं किती ओझं वाहायचं!

मराठीत ती कसरत करावी लागत नाही. ‘युद्धोत्तर’ म्हणजे युद्ध संपल्यानंतरचं, हे खरं. पण ‘स्वातंत्र्योत्तर’ म्हणजे स्वातंत्र्य संपल्यानंतरचं का? विवाहोत्तर आयुष्य घटस्फोटानंतर सुरू होत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याची पदवी कुणी काढून घेतलेली नसते. म्हणजे मागून येणारं ‘उत्तर’ कधी शेवटापासून मोजतं, कधी सुरुवातीपासून. मग ‘वसाहतोत्तर’ला ‘युद्धोत्तर’च्या रांगेत उभं करण्यापेक्षा ‘स्वातंत्र्योत्तर’च्या रांगेत उभं करा: वसाहत बसल्यापासून पुढचं. त्या तिघांनी एक अख्खं वाक्य खर्चून जे सांगितलं, ते इथे समासातच बसतं. १९५८ ची कादंबरी आत आली, १९६२ ची परिषदही आली. नुसता काळ सांगायचा असेल तिथे ‘स्वातंत्र्योत्तर’ आहेच, त्या जागी ‘वसाहतोत्तर’ खर्च करू नका.

आणखी एक गंमत. ‘उत्तर’ म्हणजे जबाबही. वसाहतीला दिलेलं उत्तर ते वसाहतोत्तर, असा विग्रह केला तर वैयाकरण नाक मुरडतील, पण वर सांगितलेल्या पुस्तकाच्या नावातलं ‘राइट्स बॅक’ हेच नाही का? लेखात हा विग्रह वापरू नका. वर्गात खुशाल वापरा.

आता मूळ शब्दाकडे. ‘वसाहत’ हा ‘वसणे’च्या कुळातला. आपल्याकडे पोलीस वसाहत असते, औद्योगिक वसाहत असते. लोक येऊन राहिले, वस्ती झाली. लॅटिनमधला ‘कोलोनिया’ही शेतकरी नेऊन वसवण्यातूनच आलाय, त्यामुळे भाषांतर म्हणून शब्द चोख आहे. पण आफ्रिकेच्या नकाशावर तो सगळीकडे सारखा बसत नाही. केनियात बसतो. तिथल्या उंच, थंड, सुपीक जमिनी गोऱ्यांसाठी राखून ठेवल्या होत्या, ते खरोखरच येऊन वसले. १९२० मध्ये त्या मुलखाला अधिकृतपणे ‘केनिया वसाहत’ हे नाव मिळालं. न्गुगींचा जन्म १९३८ चा, लिमुरूजवळच्या कामिरिथू गावचा. त्या भागात चहाचे मळे गोऱ्यांचे आणि राबणारे हात तिथल्या गिकुयू लोकांचे. नायजेरियात चित्र वेगळं. अधिकारी, व्यापारी, मिशनरी येत आणि जात, जमीन कसायला गोरे कुटुंबकबिला घेऊन आले नाहीत. १९१४ मध्ये जे एकत्र राज्य झालं त्याचं नावच मुळी ‘वसाहत आणि संरक्षित प्रदेश’ असं दुहेरी होतं. वसाहत म्हणजे लागोस आणि आसपास, अचेबेंचं ओगिडी गाव ‘संरक्षित’ भागात. युगांडा तर शेवटपर्यंत कागदोपत्री संरक्षित प्रदेशच होता. कुणापासून संरक्षण, हे विचारू नका.

म्हणून बाई, लेखात अचेबे आणि न्गुगी शेजारी ठेवणार असाल, तर एका वाक्यात हा फरक सांगून टाका. जमीन हा विषय न्गुगींच्या पानापानावर का येतो, ते त्यातून आपोआप उलगडतं. (हिंदीवाले ‘उपनिवेश’ म्हणतात. तोही वस्तीचाच शब्द, त्यामुळे अडचण तिथेही तीच.)

न्गुगींच्या १९८६ च्या पुस्तकाचं नाव ‘डीकलोनायझिंग द माइंड’. त्याला मराठीत ‘मनाचे निर्वसाहतीकरण’ म्हणतात. उच्चारताना दात हलतात, पण दुसरा बरा शब्द मला तरी सुचलेला नाही. मात्र मनाच्या बाबतीत ‘वसणे’ जितकं चपखल बसतं, तितकं जमिनीच्या बाबतीतही बसत नाही. मनी वसे ते स्वप्नी दिसे. न्गुगी सांगतात ते जवळपास हेच: शाळेच्या आवारात गिकुयू बोलताना सापडलं की छड्या, नाहीतर ‘मी गाढव आहे’ अशा मजकुराची पाटी गळ्यात. गुन्हेगार पकडायची रीतही ठरलेली. सकाळी एका मुलाच्या हाती बटण द्यायचं, मातृभाषा बोलणारा दिसला की त्यानं ते त्याच्याकडे सरकवायचं, आणि संध्याकाळी ज्याच्याकडे बटण निघेल त्याच्यापासून उलटी चौकशी सुरू. माझ्या भाचीच्या शाळेत मराठी बोललं की दहा रुपये दंड होता. बटण नव्हतं, एवढीच सुधारणा.

इथे दुसरा प्रश्न येतो, ‘सेकंड लँग्वेज’चा. ‘दुय्यम भाषा’ मुळीच लिहू नका, दुय्यममध्ये कमीपणा आहे. ‘द्वितीय भाषा’ ठीक, पण त्यातही एक खड्डा आहे. आपल्या दहावीच्या बोर्डात मराठी माध्यमाच्या मुलाची इंग्रजी ही ‘तृतीय भाषा’ असते. तो क्रमांक विषयांचा आहे. अध्यापनशास्त्रातली ‘सेकंड’ म्हणजे मातृभाषेनंतर शिकलेली आणि समाजात जिचं काही काम आहे अशी भाषा. आधी हे सांगून मग ‘द्वितीय भाषा’ वापरा, नाहीतर वाचक गुणपत्रिका डोळ्यांसमोर आणेल.

तुमच्या विषयाचे दोन धागे ज्या गाठीत एकत्र येतात, ती गाठही मकेरेरेचीच. लेखक परिषदेच्या दीड वर्ष आधी, जानेवारी १९६१ मध्ये, तिथेच राष्ट्रकुलाची परिषद भरली होती, द्वितीय भाषा म्हणून इंग्रजी कशी शिकवावी यावर. भाषाभ्यासक रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ च्या आपल्या ‘लिंग्विस्टिक इम्पीरिअलिझम’मध्ये त्या परिषदेच्या विचारातून पाच सूत्रं काढून दाखवली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी. आदर्श शिक्षक तो, ज्याची ती मातृभाषा. जितक्या लवकर सुरुवात तितकं बरं. जितकी जास्त इंग्रजी तितकं बरं. आणि इतर भाषा फार वापरल्या तर इंग्रजीचा दर्जा घसरतो. फिलिप्सननी या पाचांना सिद्धान्त न म्हणता भ्रम म्हटलं. तिसरं सूत्र आपल्या ओळखीचं आहे: महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तेव्हाचे वाद आठवा.

आणि त्याच आवारात पुढच्या वर्षी जमलेले लेखक कोण? परिषदेच्या नावातच ‘इंग्रजीतून लिहिणारे’ अशी अट होती. न्गुगींनी पुढे बोट ठेवलं ते यावरच: दोन छापील इंग्रजी कथांच्या बळावर आपल्याला आत प्रवेश, आणि स्वाहिलीतले थोर कवी शाबान रॉबर्ट किंवा योरुबातले फागुन्वा यांना नाही. परिषदेच्या पुढच्याच वर्षी नायजेरियाचे समीक्षक ओबी वाली यांनी ‘ट्रान्झिशन’ या नियतकालिकात लिहिलं की इंग्रजीतून लिहिण्याची ही वाट पुढे बंद आहे. अचेबेंनी उलट बाजू घेतली. इंग्रजी माझा अनुभव पेलू शकेल, मात्र ती नवी इंग्रजी असेल, असं त्यांचं म्हणणं. पुरावा म्हणून त्यांनी आपल्याच ‘अ‍ॅरो ऑफ गॉड’मधला एक उतारा दोनदा लिहून दाखवला, एकदा कादंबरीतल्यासारखा आणि एकदा सरळ पुस्तकी इंग्रजीत. एझेउलू हा पुजारी मुलाला गोऱ्यांच्या धर्मात पाठवतोय, तू तिथे माझे डोळे हो म्हणून. पुस्तकी रूपात मजकूर तोच राहतो, पुजारी मात्र नाहीसा होतो. इंग्रजीच्या वर्गासाठी याहून चांगला तासभराचा पाठ मला माहीत नाही. मुलांना तिसरं रूप मराठीत करायला सांगा. मकेरेरेचं पहिलं सूत्र मोडेल, मोडू द्या.

राहिलं नाव. रोमन लिपीत ‘यू’ आणि ‘आय’वर चिन्हं असतात, ती छापताना गळतात आणि ‘न्गुगी’ होतं. गिकुयूत ती चिन्हं ‘ओ’ आणि ‘ए’कडे झुकणारे स्वर दाखवतात, म्हणजे उच्चार ‘न्गोगे’च्या जवळचा. आडनावातला शेवटचा अनुनासिक तर आपल्याकडे तयार आहे, ङ. ‘वाङ्मय’ सोडून हल्ली त्याला कुणी कामाला लावत नाही. ‘थिओङो’ लिहिलं तर उच्चाराशी प्रामाणिक राहाल, पण वाचक शोधायला गेला तर त्याला काही सापडणार नाही. म्हणून रूढ ‘न्गुगी वा थिओंगो’ ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला तळटीपेत उच्चार द्या.

शीर्षक असं करता येईल: ‘इंग्रजीचे अध्यापन आणि वसाहतोत्तर आफ्रिकी साहित्य’. ‘आफ्रिकन’ही चालेल, पण एकदा धरलं की शेवटपर्यंत तेच. संपादकांच्या प्रश्नचिन्हासाठी तळटीप ही घ्या: ‘वसाहतोत्तर हा शब्द या लेखात वसाहत स्थापन झाल्यापासूनच्या, तिच्याशी झुंजणाऱ्या साहित्यासाठी वापरला आहे. राजकीय स्वातंत्र्यानंतरच्या काळासाठी स्वातंत्र्योत्तर हा शब्द योजला आहे.’