डॉग ट्रेनर व्हायचंय, आधी कोर्स करू की थेट काम सुरू करू?

तुम्ही लिहिलंय की घरच्या कुत्र्याला बसणं, थांबणं, पट्टा न ओढता चालणं तुम्हीच शिकवलंत, तो तुमचं सगळं ऐकतो आणि आता नोकरी सोडून हेच काम पूर्णवेळ करावंसं वाटतंय. कोर्स आधी की काम आधी, असा तुमचा प्रश्न आहे. मी तेरा वर्षं हे काम करतोय आणि मनापासून सांगतो: दोन्हीच्या आधी काही महिने नुसतं बघायला शिका. नोकरी तोवर राहू द्या.

घरचा कुत्रा तुमचं ऐकतो, कारण त्याला तुमच्या सवयी पाठ आहेत. व्यवसायात भेटणारा कुत्रा तुम्हाला ओळखत नसतो आणि बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो, म्हणूनच तर तुम्हाला बोलावलेलं असतं. झोप आलेली नसताना जांभई देणं, खायला काही नसताना ओठांवरून जीभ फिरवणं, तोंड वळवून डोळ्यांच्या कडेने बघणं, ही त्याची भाषा. सगळ्यांत जपून राहायचं ते तो अचानक स्तब्ध होतो तेव्हा. शेपूट हलतेय म्हणजे स्वारी खूश, हेही मनातून काढून टाका. सगळं अंग वळवत सैल हलणारी शेपूट वेगळी आणि ताठ उभी राहून टोकाशी भराभर हलणारी वेगळी.

हे मला फार महागात पडून कळलं. कामाच्या दुसऱ्या वर्षी एका घरी खाताना जवळ आलेल्यावर गुरगुरणारा कुत्रा होता. मी दरडावून त्याचं गुरगुरणं बंद केलं. आठवड्यात घर शांत झालं, सगळे आनंदात. तीन आठवड्यांनी त्याने घरातल्या मुलाच्या हाताला कडकडून चावा घेतला, एकही आवाज न काढता. गुरगुरून तो ‘लांब राहा’ एवढंच सांगत होता. मी त्याची भीती तशीच ठेवली आणि सूचना तेवढी बंद केली. आज तीच तक्रार आली तर माणसाला लांबूनच जायला सांगतो, जाताना ताटलीतल्यापेक्षा चांगला खाऊ टाकायचा आणि न थांबता पुढे निघायचं. कुत्रा सैल राहतोय असं दिसलं तरच अंतर थोडं थोडं कमी करायचं. माणूस जवळ येणं म्हणजे काहीतरी चांगलं मिळणं, हे त्याच्या मनात बसायला वेळ लागतो, पण मग ते टिकतं.

म्हणून शिक्षक निवडताना पारखून घ्या. ‘कुत्र्याला आपणच टोळीचा म्होरक्या आहोत हे दाखवून द्यावं लागतं’ असं कुणी शिकवत असेल तर तिथे पैसे भरू नका. या कल्पनेचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या आणि १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. पुढे डेव्हिड मीच यांनी मोकळ्या रानातले कळप वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली लिहिलं की असा कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, साधं कुटुंब, म्होरकेपणासाठी भांडणारी टोळी नव्हे. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेनेही २०२१ मध्ये बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापराव्यात असं स्पष्ट म्हटलंय.

बघण्याचा दुसरा भाग म्हणजे स्वतःचे हात. एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या सांध्यावर जर्मनीत हान्स नावाचा एक घोडा टाप आपटून गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की उत्तराचा आकडा जवळ आला की विचारणाऱ्याच्या डोक्याची नकळत होणारी हालचाल घोडा टिपत होता. कुत्रेही असंच आपल्याला टिपत असतात. क्लिकर म्हणजे दाबल्यावर ‘टिक’ वाजणारी छोटी डबी, ‘बरोबर केलंस, खाऊ येतोय’ हे कुत्र्याला सांगणारी. ती वाजायच्या आधीच तुमचा हात खाऊच्या पिशवीकडे गेला, तर कुत्रा हाताकडे बघायला शिकतो, क्लिककडे नाही. ‘शाबास’चा आवाज कृती घडते त्याच क्षणी यायला हवा. दोन सेकंदांनी आला तर तोवर तो बसून उठलेलाही असतो आणि बक्षीस उठल्याचं मिळतं. याचा सराव कुत्र्याविना करा: कुणाला तरी चेंडू टप्पे देत टाकायला सांगा आणि तो जमिनीला लागेल त्या क्षणी क्लिक करा. सोपं वाटतं, पण जमायला दिवस लागतात.

आता कोर्सबद्दल. बऱ्याच देशांत या व्यवसायाला परवानाच लागत नाही, कुणीही पाटी लावू शकतो. त्यामुळे प्रमाणपत्रापेक्षा तास मोजा. डॉग ट्रेनरना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेतल्या सीसीपीडीटी या मंडळाच्या पायाभूत परीक्षेला बसण्याआधीच किमान ३०० तास शिकवल्याचा अनुभव दाखवावा लागतो, यावरून अंदाज घ्या. हे तास बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात आणि एखाद्या चांगल्या ट्रेनरच्या हाताखाली मिळतात. पहिली दोन वर्षं चावणारे कुत्रे एकट्याने घेऊ नका. आणि कुठल्याही कुत्र्याचा स्वभाव एकाएकी बदलला असेल तर आधी पशुवैद्याकडे पाठवा. कान, दात, सांधे दुखत असले की शांत कुत्राही अंगावर येतो.

शेवटचं, जे कोर्समध्ये कमी सांगतात. आठवड्याला १६८ तास असतात, त्यातला एखादाच तुमच्या वाट्याला येतो. बाकीचे तास कुत्र्याला घरचेच शिकवत असतात, त्यांना माहीत असो वा नसो. पाच जण अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याकडे पाठ फिरवतात आणि सहावा लाडाने कुरवाळतो, मग उडी जाणार कशी? शिवाय लक्ष देणं थांबवलं की उड्या आधी वाढतात आणि मगच कमी होतात. हे पहिल्याच दिवशी सांगितलं नाही, तर तिसऱ्या दिवशी घरचे हात टेकतात. माणसांना न दुखावता, तेच तेच पुन्हा समजावून सांगायची तुमची तयारी आहे का, हे स्वतःला खरंखुरं विचारा. नुसती कुत्र्यांची ओढ असेल तर निवाऱ्यात सेवा करूनही ती भागते.

या आठवड्यात एवढं करा: तुम्ही तुमच्या कुत्र्याला शिकवताना कुणाला तरी दहा मिनिटं चित्रीकरण करायला सांगा. आवाज बंद करून ते तीनदा बघा. पहिल्यांदा फक्त त्याचं तोंड आणि कान, दुसऱ्यांदा फक्त तुमचे हात, तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. शिकवताना तुमच्या नजरेतून काय काय सुटलं ते वहीत तारखेसकट लिहा आणि महिनाभराने पुन्हा तेच करून दोन्ही नोंदी शेजारी ठेवा.