शनिवारची मिस्सा, रविवारची मॅच

पत्र थोडक्यात असं: "आम्ही मूळ वसईचे, आता न्यू जर्सीत बर्गन काउंटीत. दहा वर्षांचा मुलगा सॉकरच्या ट्रॅव्हल टीममध्ये (गावोगावी जाऊन मॅच खेळणाऱ्या संघात) निवडला गेला आणि रविवारची मिस्सा, म्हणजे कॅथलिक चर्चमधली सामूहिक उपासना, सुटू लागली. नवरा म्हणतो, देव काय फक्त चर्चमध्येच असतो? परवा सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर नातवाला विचारलं, मिस्साला गेला होतास ना? तो बिनदिक्कत 'हो' म्हणाला. सॉकर बंद करू का?"

ताई, एवढ्यात बंद करू नका. देवाने माझा चेंडू काढून घेतला, एवढंच त्याच्या लक्षात राहील.

आधी वेळा जुळवून बघा. कॅनन लॉच्या (कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या) कलम १२४८ प्रमाणे रविवारची मिस्सा आदल्या संध्याकाळीही चालते, आणि कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये. आपलंच धर्मग्राम (पॅरिश) हवं असं नाही, स्पॅनिश मिस्साही चालेल. जवळच्या चार चर्चच्या वेळा कागदावर उतरवून फ्रीजवर लावा: शनिवार संध्याकाळ, रविवार दुपार, रविवार संध्याकाळ. या वयाची मॅच ५०-६० मिनिटांची. लवकर पोहोचणं, मधली सुट्टी, बूट काढणं धरून दोन तास. नऊची मॅच असली तर बाराची मिस्सा आरामात मिळते.

अडतं ते भलतीकडेच. पोरगं भुकेलं होऊन गाडीत बसतं आणि चर्चच्या दारापर्यंत खात राहतं. कम्युनियनआधी, म्हणजे मिस्सात पवित्र भाकर घेण्याआधी, एक तास पाणी आणि औषधाखेरीज काही घ्यायचं नाही, गेटोरेडसारखं खेळाडूंचं पेयसुद्धा नाही. पण हा तास कम्युनियनपर्यंत मोजायचा, मिस्साच्या सुरुवातीपर्यंत नाही. म्हणून मॅच संपल्या संपल्या मैदानावरच त्याला पोटभर खायला घाला.

टूर्नामेंट हे खरं दुखणं. मेमोरियल डे, लेबर डेच्या जोड-सुट्ट्यांत परगावी दोन-तीन दिवस. हॉटेल बुक करतानाच तिथल्या मिस्साच्या वेळा बघा. काहीच जुळत नसेल तर आधी फादरांशी बोला. योग्य कारण असेल तर कलम १२४५ खाली ते त्या दिवसापुरती सूट देऊ शकतात. दर पंधरा दिवसांनी सूट मागायला गेलात तर मात्र फादर काय म्हणतील ते मी सांगायला नको.

कोचला सीझनची फी भरण्याआधी दोन ओळींची ईमेल करा: ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी आणि ईस्टरला तो येणार नाही, इतर रविवारी अडचण असली तर आठवडाभर आधी कळवू. सीझनच्या मध्यावर सांगितलं की बिनसतं, कारण तोवर संघ ठरलेला असतो, हॉटेलचे पैसे गेलेले असतात. आणि हे मुलाच्या तोंडून वदवू नका. दहा वर्षांच्या पोराला कोचसमोर धर्माचा वकील करणं बरं नव्हे.

नवऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. देव मैदानावरही असतो, पण मिस्सा म्हणजे चार माणसांनी मिळून करायची गोष्ट, ती गाडीत एकट्याने होत नाही. गंमत बघा, तुमच्याच काउंटीत रविवारी कपडे-फर्निचर विकायला आजही बंदी आहे. असे कायदे धर्मासाठी नसून सगळ्यांच्या सामायिक विश्रांतीसाठी आहेत, असं म्हणून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये ते टिकवले. मॉल बंद राहिले आणि मोकळी झालेली सकाळ मुलांच्या लीगनी भरून टाकली. तेव्हा नवऱ्याशी देवावर वाद घालू नका, काम वाटून घ्या: सॉकर हवं ना, मग शनिवारच्या मिस्साला पोराला घेऊन जाणं त्यांच्याकडे.

आता ते 'हो'. मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. खरं सांगितलं की घरात तोंडं फुगतात, हे त्याने पाहिलंय. म्हणून तो खोटं बोलला. रागावू नका. पुढच्या वेळी आजीचा फोन आला की आधी तुम्ही घ्या आणि त्याच्यासमोरच सांगा, "आई, ह्या रविवारी मिस्सा राहिली, येत्या शनिवारी जाणार आहोत." सासूबाई कुरकुरतील. कुरकुरू द्या, आणि मग फोन त्याच्या हातात द्या.