निंदण चालू असताना विजा सुरू झाल्या, गाव दूर आणि जवळ फक्त मोहाचं झाड व टिनाची खोपडी, तर थांबावं कुठं?

दोन्हीकडे नाही. झाडावर पडलेली वीज खोडातून बाजूच्या माणसावर उडी घेते आणि मुळांभोवतीच्या ओल्या जमिनीतही पसरते. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, त्यामुळं जमिनीतला करंट त्याच्या छातीतून जातो. झाडाला बांधलेली जोडी दगावते ती बरेचदा अशी.

खरं तर निघायचं आधीच. चमक दिसल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजा, तीननं भागा, साधारण तेवढे किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत गडगडलं की निंदण सोडा. पक्कं घर किंवा काचा बंद केलेली जीप चालते. बंडी, मोटारसायकल, उघडा ट्रॅक्टर नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. (पाऊस थांबला म्हणजे वीज थांबली, असं नसतं.)

अडकलातच तर तारेचं कुंपण आणि मोटारपंपापासून लांब, एकमेकांत अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवं पडू नका. हा नाइलाजाचा उपाय आहे, पूर्ण संरक्षण नव्हे.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातला इशारा देतं, पण शेतात रेंज नसेल तर ते गप्पच.

वीज लागलेल्याला हात लावल्यानं शॉक बसत नाही. श्वास बंद असेल तर १०८ ला फोन लावून लगेच छाती दाबायला घ्या: मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल.