लेफ्ट म्हणजे डावा

नोव्हेंबरमधल्या एका संध्याकाळी नागपुरातल्या नंदनवन भागात माझ्या समुपदेशनाच्या खोलीवर आई, वडील आणि पाचवीतला मुलगा असे तिघं आले. वडील खुर्चीच्या कडेवरच टेकले आणि लगेच बोलून मोकळे झाले, "मॅडम, पोरगा वर्गात तोंडच नाही उघडून राहिला. टीचर म्हणते याले काही समजत नाही. खरं सांगा, याचं डोकं कमी आहे का?"

मी मुलाला बाहेरच्या बाकावर चित्र काढायला पाठवलं. अर्थात, जे ऐकायला नको होतं ते त्याने ऐकलेलंच होतं.

घरी त्याला बाबू म्हणतात, इथेही तेच म्हणू. बाबू चौथीपर्यंत काटोलकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. गणितात वर्गात पहिला. वडिलांना कळमना बाजारात अडत्याकडे काम मिळालं, पारडीत भाड्याने खोली घेतली आणि पोरगं शहरात आलंच आहे तर इंग्रजी माध्यमात घालू, असं ठरलं. तिमाहीत तो तीन विषयांत गेला. मग ट्यूशन लागली. रोज २० शब्द, स्पेलिंग आणि अर्थ पाठ, चुकलं की दहा वेळा लिहायचं. वडिलांनी ती वही माझ्यापुढे ठेवली. अक्षर मोत्यासारखं. मी मधलेच चार शब्द विचारले. स्पेलिंग चारही बरोबर आली. त्यातला एक घेऊन एखादं वाक्य कर म्हटलं, तर तो जमिनीकडे पाहत राहिला.

"डोकं कमी आहे का" हा प्रश्न मला शाळा उघडल्यापासून दिवाळीपर्यंत दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं. त्यावर लगेच "नाही हो" म्हणून धीर देणं मी आता टाळते. आधी कान आणि डोळे तपासून आणायला सांगते, मग मूल स्वतःच्या भाषेत किती आणि कसं बोलतं ते पाहते. बाबूचं तपासणीत सगळं ठीक निघालं. दुसऱ्या भेटीत मी संत्र्याच्या बागेचा विषय काढला आणि हा गप्प मुलगा पंधरा मिनिटं थांबलाच नाही. आंबिया बहार धरायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडतात, पानं मलूल होतात, मग पाणी सोडलं की फुलोरा येतो. "पण जास्त ताण दिला तं झाड मरते," तो म्हणाला. कारण, परिणाम आणि मर्यादा, तिन्ही गोष्टी दहा वर्षांच्या पोराने ओळीने मांडल्या. माझ्या धंद्यातही ताण हा शब्द रोज वापरला जातो, पण इतका नेमका क्वचितच.

मग मी त्याचा गणिताचा पेपर काढला. १२ संत्र्यांतली ५ खाल्ली, "हाऊ मेनी ऑरेंजेस आर लेफ्ट?" जागा कोरी. तेच मराठीत विचारलं तर माझं वाक्य संपायच्या आत उत्तर आलं. लेफ्ट म्हणजे काय रे? त्याने डावा हात वर केला. पुढचा प्रश्न १५ आणि ९ यांच्यातला डिफरन्स काढा. त्याने लिहिलं होतं, १५ मोठा. त्याच्या वहीत डिफरन्सचा अर्थ फरक असाच होता आणि फरक तर त्याने सांगितलाच होता! व्हॉल्यूम म्हणजे टीव्हीचा आवाज, टेबल म्हणजे लाकडी. बाबूला वजाबाकी येत होती. प्रश्नातला साधासुधा दिसणारा शब्द तिथे दुसऱ्या अर्थाने येतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पाठांतराच्या वहीत एका शब्दापुढे एकच अर्थ असतो.

पण न येणं वेगळं आणि न बोलणं वेगळं. ते तिसऱ्या भेटीत उलगडलं. जुलैमध्ये वर्गात चित्र दाखवून नाव विचारलं होतं आणि फळांच्या प्लॅस्टिकच्या क्रेटचं चित्र पाहून बाबू उभा राहून जोरात म्हणाला होता, "कॅरेट!" आख्खा वर्ग हसला. कोणीतरी "गाजर, गाजर" ओरडलं. आता कळमन्यात जाऊन पाहा, अडत्यापासून हमालापर्यंत सगळे कॅरेटच म्हणतात. इंग्रजी शब्द आपल्या बाजारात आला आणि इथल्या तोंडाने फिरला. त्या दिवसापासून बाबूने वर्गात तोंड उघडलं नव्हतं.

वडिलांची दुसरी सूचना होती की आता घरात इंग्रजीच बोलायचं. मी हात जोडले. हा सल्ला काही वर्षांपूर्वी मीच एका घराला दिला होता आणि त्याची मला अजून लाज वाटते. त्या आईला इंग्रजी येत नव्हतं. तिने पोरीशी बोलणंच कमी केलं, "ईट", "कम", "स्लीप" एवढ्यावर घर आलं. पोरीचं इंग्रजी तर सुधारलं नाहीच, संध्याकाळच्या गप्पाही गेल्या. म्हणून बाबूच्या आईला सांगितलं, तुम्ही मराठीतच बोला, भरपूर बोला. बाष्पीभवन त्याला मराठीत पक्कं कळलं, वाळवणातलं पाणी कुठे जातं हे तुमच्याशी बोलून कळलं, की इव्हॅपोरेशन हे त्याला फक्त नवं नाव उरतं. कल्पना आणि शब्द दोन्ही एकदम परके असले की मूल पाठांतराकडे पळतं.

वर्गशिक्षिकेला भेटायला गेले तेव्हा त्या जरा ताठ होत्या. वर्गात ४८ मुलं, पोर्शन संपवायचा. "मराठी बोलू दिलं तर त्यांना सवय लागेल ना," त्या म्हणाल्या. त्यांची अडचण खोटी नव्हती. त्यांचं म्हणणं होतं की मधल्या सुट्टीत पोरं इंग्रजीत भांडतात, म्हणजे इंग्रजी येतं, अभ्यासच करत नाहीत. इथे मी त्यांना जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाने १९७९ मध्ये दाखवलेला फरक सांगितला. खेळण्या-भांडण्याची भाषा साधारण दोनेक वर्षांत येते, पण पुस्तकाची भाषा बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि हे आकडे आजूबाजूला सगळीकडे इंग्रजी ऐकू येणाऱ्या देशातल्या मुलांचे आहेत. बाबूला शाळेचं फाटक ओलांडलं की इंग्रजी भेटतं ते दुकानांच्या पाट्यांवर.

त्यांचं मन वळलं ते माझ्या बोलण्याने नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गात लेफ्टचा अर्थ विचारला आणि कितीतरी डावे हात वर गेले. त्या वर्गात हिंदी आणि छत्तीसगढी घरची मुलंही आहेत. प्रश्न एकट्या बाबूचा नव्हताच.

मग आम्ही आठवड्याला पाचच शब्द ठरवले. निवडायचे ते सगळ्या विषयांत फिरणारे: कम्पेअर, ऑब्झर्व्ह, इन्क्रीज, रिझल्ट, लेफ्ट. गाय-मांजराचे शब्द मुलं आपोआप उचलतात आणि फोटोसिंथेसिससारखे शब्द धड्यातच समजावले जातात. मधले हे शब्द कोणीच शिकवत नाही, आणि प्रश्नपत्रिका त्यांच्यावरच उभी असते. वहीच्या पानाचे चार चौकोन केले. एकात मराठी अर्थ, एकात चित्र, एकात स्वतःचं वाक्य आणि चौथ्यात "हे नाही". लेफ्टच्या चौथ्या चौकोनात बाबूने डावा हात काढून त्यावर फुली मारली. तेच पाच शब्द आठवडाभर गणितात, विज्ञानात, इतिहासात मुद्दाम वापरायचे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा काढायचे. एकदा भेटलेला माणूस आपल्याला बाजारात ओळखू येत नाही, मग शब्द कसा येईल? प्रश्न विचारल्यावर मुलांनी आधी शेजाऱ्याशी हव्या त्या भाषेत बोलायचं, मग इंग्रजीत सांगायचं. एका शब्दात सांगितलं तरी चालेल, बोट दाखवलं तरी चालेल. शिक्षिकेला सगळ्यात जड गेलं ते प्रश्न विचारून चार-पाच सेकंद थांबणं.

कॅरेटचं काय करायचं हा माझा आग्रहाचा विषय होता. त्यांनी एक तास त्यालाच दिला. आपल्या बाजारात आलेले इंग्रजी शब्द मुलांनी गोळा केले: ड्रिप, पंप, मोटर, स्प्रे. सगळ्यात लांब यादी बाबूची होती आणि ती त्याने फळ्यावर लिहिली. बोलला मात्र नाही.

बोलला तो जानेवारीत, दोनच शब्द, "प्राइस इन्क्रीज". ट्यूशन बंद झाली. वडिलांना ते पटलेलं नाही, पण पैसे वाचले म्हणून गप्प आहेत. "घरी म्हणते, बाबा, भाव इन्क्रीज होऊन राहिले का," हे मात्र त्यांनी मला दोनदा सांगितलं. वार्षिक परीक्षेत गणित निघालं, विज्ञानात काठावर पास आणि इंग्रजीत अजून मागे आहे. पाच-सात वर्षांतले पाच महिनेच झालेत.

सहावीला टीचर बदलतील. चार चौकोनांची ती वही आईने कपड्यांच्या पेटीत ठेवली आहे. जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडल्या की पहिल्याच आठवड्यात ती घेऊन आम्ही दोघी नव्या टीचरना भेटणार आहोत.