चौथीतल्या मुलीला 'क्ष' न मानता शाब्दिक उदाहरणं कशी शिकवू?

आधी उदाहरणातली गोष्ट तिच्या शब्दांत सांगायला लावा. बरीच मुलं आकडेमोडीत नाही, वाचण्यात अडतात.

आम्ही रत्नागिरीकडचे, म्हणून मी पेट्यांचंच उदाहरण घालते. हापूसच्या १० पेट्या, काही ४ डझनी, काही ६ डझनी, मिळून ४६ डझन आंबे. ६ डझनी किती? वहीत दहा चौकोन काढायचे. सगळ्या पेट्या ४ डझनीच धरून प्रत्येकात ४ लिहायचा. झाले ४० डझन, कमी पडले ६. आता एकेक ४ खोडून ६ करायचा, दर वेळी २ डझन वाढतात. तिसऱ्या चौकोनानंतर पेन्सिल आपोआप थांबते. तिथे घाई करू नका, तिला स्वतःलाच 'तीन!' म्हणू दे.

'मिळून ४८, एकात १२ जास्त' अशा उदाहरणाला दोन पट्ट्या काढा. जास्तीचा तुकडा झाकला की उरले ३६, त्याचे निम्मे १८, दुसरी पट्टी ३०. सिंगापूरच्या शाळांत १९८० च्या दशकापासून असंच पट्ट्या काढून शिकवतात.

'जास्त दिसलं की बेरीज' हे मात्र कृपा करून शिकवू नका. वरच्याच उदाहरणात 'जास्त' आहे आणि पहिली पायरी वजाबाकीची आहे.